आधी रेसटाइप लिहा, मग कॉल करा

पायथनमधून सीची लायब्ररी वापरायची तर सीटाइप्स हाताशीच आहे. २००६ मध्ये आलेल्या पायथन २.५ पासून ते भाषेबरोबरच मिळतं. एसओ फाइल लोड करायची, फंक्शनचं नाव लिहायचं, की कॉल झाला. मला धास्ती वाटते ती याच सोपेपणाची.

माझ्याकडे एक जुना प्रोग्राम देखभालीला आला. सीमधली लायब्ररी इमेज वाचायची, पायथन तिला बोलवायचा. लहान फाइलींवर चोख काम. मोठी फाइल दिली की सेगमेंटेशन फॉल्ट! ट्रेसबॅक नाही, एक्सेप्शन नाही, प्रोसेसच खलास. सगळ्यांचा संशय फाइलींवर.

दोष फाइलींचा नव्हताच. एसओ फाइलीत फंक्शनचं नाव असतं. ते काय घेतं, काय परत देतं हे हेडरमध्ये, आणि सीटाइप्स हेडर वाचत नाही. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत तर परत आलेली व्हॅल्यू ३२ बिटांचा इंट आहे असं ते धरून चालतं. ६४-बिट लिनक्सवर पॉइंटर ६४ बिटांचा, म्हणजे त्याचा वरचा अर्धा भाग उडतो. मग लहान फाइली कशा चालायच्या? थोडी मेमरी मागितली की ग्लिबसी ती हीपमधून देते, आणि तिथल्या पायथन बिल्डमध्ये हीप खालच्या पत्त्यांवर होता. वरचे बिट मुळात शून्यच. साधारण १२८ केबीच्या पुढची मागणी एममॅपकडे जाते, तिचा पत्ता फार वरचा. तो कापला की भलत्याच जागी हात. अशा कोडची टेस्ट पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका.

प्रत्येक फंक्शनला रेसटाइप (परत येणाऱ्या व्हॅल्यूचा प्रकार) आणि आर्गटाइप्स (आत जाणाऱ्या व्हॅल्यूंचे प्रकार) द्याच, हेडर समोर उघडं ठेवून. काही परत येत नसेल तर नन लिहा. लाँग दिसला की थांबा: ६४-बिट लिनक्सवर तो ६४ बिटांचा, विंडोजवर ३२.

लायब्ररीने स्वतः मेमरी घेऊन स्ट्रिंग दिली असेल, तर रेसटाइप सी_कॅर_पी ठेवू नका. हातात बाइट्सची कॉपी येते, मूळ पत्ता हरवतो आणि मेमरी सोडता येत नाही. सी_व्हॉइड_पी घ्या, मजकूर उतरवा, मग लायब्ररीच्याच फ्री फंक्शनने ती सोडा. कॉलबॅक दिलात तर त्याचा ऑब्जेक्ट व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, नाहीतर गार्बेज कलेक्टर तो उचलून नेतो.

तरीही क्रॅश झालाच तर फॉल्टहँडलर चालू करून पुन्हा चालवा. पायथनच्या कोणत्या ओळीवर प्रोसेस कोसळली ते कळतं. तिथल्या फंक्शनची घोषणा हेडरशी ताडून बघा.