तेरीज जुळली की सावध व्हा

राहुरीत बी.कॉम.ला नाव घालणाऱ्या मुलामुलींना अकाउंटन्सीची धास्ती असते ती बेरीज जुळणार नाही याची. माझा अनुभव नेमका उलटा आहे. न जुळणारी तेरीज (ट्रायल बॅलन्स) फारसा त्रास देत नाही. कुठेतरी चुकलंय हे ती स्वतःच ओरडून सांगते. खरा घोळ जुळलेल्या तेरजेत असतो. एखादी नोंद करायचीच राहून गेली, एका चुकीने दुसरी झाकली गेली, किंवा यंत्राची खरेदी दुरुस्तीच्या खात्यात पडली, तरी दोन्ही बाजू पैशापैशाने जुळतात. हे सगळं पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. मुलं ते टीप लिहायला पाठ करतात आणि पुढच्या गणिताकडे वळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा तीच आहे.

लांबचं उदाहरण कशाला, वांबोरीच्या बाजारातली कांदापट्टी घ्या. समजा मालाची रक्कम 24,000 रुपये झाली. त्यातून हमाली, तोलाई, वाराईचे 600 गेले, गाडीभाड्याचे 1,400 गेले, आधी घेतलेल्या उचलीचे 8,000 वळते झाले आणि हातात 14,000 आले. आता वहीत काय लिहायचं? बहुतेक जण ‘कांदा विक्री 14,000’ लिहून मोकळे होतात. रोकड वाढली, विक्री जमा झाली, तेरीज जुळली. पण विक्री 10,000 रुपयांनी कमी दिसते, 2,000चा खर्च वहीत आलाच नाही आणि फिटलेली उचल अजून देणं म्हणून उभी आहे. म्हणजे नफा 8,000ने कमी आणि देणं 8,000ने जास्त. बेरजा कितीही वेळा तपासा, यातलं काही सापडणार नाही. सापडेल ते पट्टी हातात घेऊन एकेक ओळ वाचल्यावरच. पुस्तकातलं गणित मात्र ‘रोख विक्री 14,000’ असं आयतं वाक्य देतं. कागदावरून व्यवहार ओळखायचा अर्धा अभ्यास त्या वाक्यातच उरकलेला असतो.

याच्याही पुढचा प्रश्न असा, की सगळ्या नोंदी बिनचूक असल्या तरी नफा एकच निघतो का? याचं उत्तर राहुरीइतकं दुसरीकडे क्वचितच जवळ मिळेल. इथलं विद्यापीठ शेतीचं, त्यामुळे कॉमर्सची मुलं तिकडे फिरकत नाहीत (त्यांची पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची). पण केंद्र सरकारच्या पीक उत्पादन खर्च योजनेचं महाराष्ट्रातलं काम महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. निवडलेल्या शेतकऱ्यांचा खर्च नियमित टिपून घेतला जातो आणि हमीभावाची शिफारस करताना कृषी मूल्य आयोग असे आकडे वापरतो. समजा घरच्या जमिनीत एकरी 7 क्विंटल सोयाबीन झालं आणि 4,800च्या भावाने 33,600 रुपये आले. बियाणं, खत, मजुरी, अवजारांचा घसारा असा खर्च 16,000 धरला तर 17,600 उरतात. घरच्या माणसांच्या कष्टाचे 6,000 धरले तर शिल्लक 11,600वर येते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज मिळून आणखी 12,000 धरले, तर त्याच एकरात 400 रुपयांचा तोटा दिसतो. हिशेबाच्या भाषेत हे तीन खर्च अनुक्रमे ‘ए2’, ‘ए2 अधिक एफएल’ आणि ‘सी2’. खर्चाच्या दीडपट भाव द्यायचा तर कोणत्या खर्चाच्या, यावर गेली कित्येक वर्षं देशात भांडण चालू आहे. सरकार मधला खर्च धरतं, शेतकरी संघटना शेवटचा मागतात. बेरजेत कोणीच चुकलेलं नाही. काय खर्च मानायचं, हा आधीचा निर्णय वेगळा आहे, आणि अकाउंटन्सी शिकायची ती तो निर्णय ओळखता यावा म्हणून.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे सगळं आता टॅली करतं. करतं, पण काय? व्हाउचर भरलं की खतावणी, तेरीज, ताळेबंद सगळं क्षणात पुढे येतं आणि दोन्ही बाजू जुळल्याशिवाय ते नोंद पुढे जाऊच देत नाही. म्हणजे जुळवण्याचं कसब ज्याच्याकडे होतं त्याचीच किंमत यंत्राने उतरवली. कांदापट्टीचे 14,000 विक्रीत टाकलेत तर टॅली हूं की चूं करणार नाही. नुसतं टॅलीचं प्रमाणपत्र घेऊन कामाला लागणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की संगणकाला जे येत नाही ते आधी शिका.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परीक्षेत विचारतात गणितं, गुण मिळतात उत्तराला. मग पट्ट्या वाचत कोण बसणार? गुण लागतातच. पदवीनंतर फाउंडेशन न देता थेट सी.ए. इंटरमीजिएटला जायचं तर कॉमर्स पदवीधराला 55 टक्के हवेत, तेव्हा गणितांना नाकं मुरडून चालणार नाही. पण दोन्हींत वैर नाही. गणित सुटल्यावर प्रत्येक समायोजनाखाली एक ओळ लिहा: ही नोंद केलीच नसती तर नफा कुठे सरकला असता? अंतिम खात्यांत चुकणारी बहुतेक मुलं इथेच चुकतात, कारण येणे व्याज दोन ठिकाणी का जातं हे त्यांनी पाठ केलेलं असतं. इंग्रजीची अडचण सांगणाऱ्यांनी कीर्द, खतावणी, येणे, देणे, तरतूद हे शब्द बिनधास्त जवळ ठेवावेत. घरात, सोसायटीत, आडतीवर हेच शब्द चालतात. समज आधी त्यांतून येऊ द्या, इंग्रजी संज्ञा मागून बसतात.

राहिला प्रश्न उपयोगाचा. सगळेच सी.ए. होणार नाहीत, आणि नगर जिल्ह्यात त्यावाचून अडतही नाही. 1950च्या सुमारास प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला तेव्हापासून हा जिल्हा सहकारावर चालतो: कारखाने, दूध संघ, विकास सोसायट्या, पतसंस्था. या सगळ्यांना दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं, आणि पदवीधरांसाठी सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा आहे. तिची तयारी दुसऱ्या वर्षापासून मनात ठेवावी. ताळेबंद वाचता न येणं किती महागात पडतं, हेही याच जिल्ह्याने पाहिलंय. ऑक्टोबर 2023मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. पुरेसं भांडवल आणि कमाईची शक्यता उरली नाही, हे कारण दिलं. ताळेबंद कोणत्याही बँकेचा जुळलेलाच असतो. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो, त्यावरच्या रकमेला नसतो.

म्हणून सप्टेंबरअखेर वार्षिक सभांचा हंगाम येतो तेव्हा घरात आलेला पतसंस्थेचा नाहीतर सोसायटीचा अहवाल रद्दीत टाकू नका. अध्यक्षांचं मनोगत आणि फोटो सोडून थेट मागच्या पानांवर जा. लेखापरीक्षकाचे शेरे आणि दोष दुरुस्ती अहवाल असेल तर शेजारी ठेवून पाहा. मागच्या वर्षीचेच दोष पुन्हा आलेत का ते तपासा. मग तीन आकडे काढा: येणे व्याज किती, त्यातलं थकबाकीदारांकडचं किती, आणि त्यासाठी तरतूद किती. तरतूद तोकडी असेल तर जितकी कमी पडते तितकी रक्कम जाहीर झालेल्या नफ्यातून वजा करा आणि लाभांश कशातून वाटला जातोय ते सभेत उभं राहून विचारा.