फुलावर जाऊ नका, पान बघा

कुंभकोणमच्या घरी विहिरीकडेला लावायला प्रस्तुत लेखिकेने एका रोपवाटिकेतून पिवळ्या फुलांची वेल आणली. विक्रेत्याने नाव सांगितले ‘मंजळ करिसलांगण्णी’, म्हणजे आपला पिवळा माका. केसांचे तेल आणि पालेभाजी, दोन्हींसाठी तमिळ घरांत त्याला मान आहे. नावावर विश्वास बसला, पान निरखायचे राहून गेले.

दोन पावसाळ्यांत त्या वेलीने वाफा झाकला, तुळसही गुदमरली. शेजारच्या पाट्टींनी, म्हणजे आजींनी, एक पान खुडून लेखिकेच्या तळहातावर ठेवले. “ही कीरै, पालेभाजी नव्हे, अम्मा. तेल काढलं नाहीस ना?”

काढले नव्हते, हे नशीब.

ती वेल होती स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. मूळची उष्ण अमेरिकेतली, बागेच्या शोभेसाठी देशोदेशी गेलेली आणि जगातल्या 100 सर्वाधिक उपद्रवी आगंतुक प्रजातींच्या यादीत नोंदलेली. इथला पिवळा माका, स्फॅग्नेटिकोला कॅलेंडुलेसिया, तिचा जवळचा भाऊबंद. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, बहुवर्षायू, जमिनीवर सरपटणाऱ्या. पेरापेराला मुळे धरणाऱ्या. फूलही दोघींचे पिवळे. त्यामुळे फुलावरून ओळखायला जाल, तर चुकाल.

पान मात्र फसवत नाही. देशी माक्याचे पान अरुंद, लांबट, हाताला खरखरीत. कडा सरळ किंवा एखाददुसरा उथळ दाता असलेली. परदेशी वेलीचे पान रुंद, चकचकीत, आणि दोन्ही बाजूंना खांदे फुटल्याने त्रिशूळासारखे दिसते. कोवळ्या पानांत हे खांदे नीट उमटत नाहीत, म्हणून चार-पाच जून पाने पाहावीत. नेहमीच्या माक्याशी गोंधळ होण्याचे कारण नाही: त्याची फुले पांढरी, अगदी बारीक. एकदांडीशीही गोंधळ होऊ नये: तिचे फूल लांब दांड्यावर एकटे असते, मध्ये पिवळे आणि कडेच्या पाकळ्या फिक्या.

ही काळजी केवळ बागेपुरती नाही. रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी आणि सहकाऱ्यांनी 1956 साली वेडेलोलॅक्टोन या द्रव्याची रचना मांडली ती पिवळ्या माक्यावरच्या कामातून. द्रव्याचे नावही या माक्याच्या जुन्या ‘वेडेलिया’ या नावावरून आले. माक्याच्या गुणांच्या भरवशावर दुसऱ्याच वेलीचा पाला तेलात वा पोटात जाऊ नये.

लेखिकेने वेल उपटली. पेराचा तुकडाही रुजतो, म्हणून काही अरसलार नदीत टाकले नाही. सगळे गच्चीवर कडकडीत वाळवले. तरी ऐप्पसी या तमिळ महिन्याच्या पावसात विहिरीच्या फटीतून एक त्रिशूळ वर आलाच. तो तिने त्याच दिवशी मुळासकट काढला.