घटक ७ : एएसएमआर चित्रफितींची निर्मिती – एक पूर्णवेळ व्यवसाय

७.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• 'एएसएमआर' या संज्ञेचा अर्थ व या चित्रफितींचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• कुजबुजत्या उच्चाराचे ध्वनिशास्त्रीय वैशिष्ट्य सांगता येईल.
• निर्मात्याच्या उत्पन्नाची रचना आणि तिच्यातील अंतर्विरोध विशद करता येईल.
• हा व्यवसाय पूर्णवेळ स्वीकारण्यापूर्वी कोणत्या बाबी तपासाव्यात, हे ठरवता येईल.

७.२ प्रास्ताविक

आकाशवाणीवरील निवेदकाचा आवाज एकाच वेळी हजारो घरांत पोहोचतो. तरीही उत्तम निवेदक आपल्या एकट्याशीच बोलत आहे, असे प्रत्येक श्रोत्याला वाटते. श्राव्य माध्यमाचे हे सामर्थ्य आपल्या परिचयाचे आहे. या घटकात आपण अशा एका निर्मितीप्रकाराचा अभ्यास करणार आहोत, की ज्यात हा भास केवळ निवेदनाचा गुण न राहता विक्रीची वस्तू बनतो.

आपल्यापैकी बहुतेक जण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिक्षण घेत आहेत. मोबाइल, आवाज आणि रात्रीची शांतता एवढ्या भांडवलावर घरबसल्या उपजीविका होऊ शकते, ही कल्पना अशा वेळी आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. ती सर्वस्वी खोटीही नाही. मात्र नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी हा व्यवसाय नेमका कशावर चालतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

७.३ विषय-विवेचन

७.३.१ संज्ञा आणि स्वरूप

एएसएमआर हे 'ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स' या इंग्रजी संज्ञेचे संक्षिप्त रूप होय. कुजबुज, कागदाची सळसळ, केसांतून फिरणारा कंगवा, बोटांची हलकी टकटक यांसारख्या उद्दीपकांमुळे काही व्यक्तींच्या टाळूपासून मानेपर्यंत, कधी पाठीपर्यंत, सुखद शिरशिरी पसरते व मन निवते. हा अनुभव सर्वांनाच येतो असे नाही.

अनुभव जुना असला तरी त्याला हे नाव २०१० मध्ये जेनिफर अ‍ॅलन या अमेरिकन महिलेने दिले. अशा अनुभवाविषयी बोलताना लोकांना संकोच वाटू नये, म्हणून तिने मुद्दाम शास्त्रीय वळणाचे शब्द योजले. भाषेच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. ज्या अनुभवाला नाव नाही तो दुसऱ्यास सांगता येत नाही आणि शोधताही येत नाही. मग त्याचा बाजार तरी कसा उभा राहणार? नाव मिळाल्यानंतरच विखुरलेले प्रेक्षक आणि निर्माते एकमेकांना सापडू लागले. त्याच्या आधी, २००९ मध्ये, यूट्यूबवर केवळ कुजबुजीसाठी वाहिलेली वाहिनी सुरू झाली होती. बॉब रॉस यांचा १९८३ ते १९९४ या काळातील अमेरिकन दूरचित्रवाणीवरील चित्रकलेचा कार्यक्रमही आज अनेक जण याच सुखासाठी पाहतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ब्रिटनमधील स्वान्सी विद्यापीठातील एमा बॅरट व निक डेव्हिस यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा अनुभव घेणाऱ्या ४७५ व्यक्तींनी भाग घेतला. त्यांपैकी ८२ टक्के व्यक्ती झोप लागण्यासाठी आणि ७० टक्के ताण हाताळण्यासाठी या चित्रफिती वापरत असल्याचे आढळले. उद्दीपकांमध्ये कुजबुज प्रथम क्रमांकावर आणि 'आपल्याकडे कोणीतरी व्यक्तिशः लक्ष देत आहे' ही भावना त्याखालोखाल होती. याचा अर्थ असा, की निर्माता केवळ ध्वनी पुरवत नाही. तो लक्ष आणि शुश्रूषा यांचा आभास पुरवतो.

७.३.२ ध्वनी, भाषा आणि ध्वनिमुद्रण

ध्वनिविचाराच्या अभ्यासात आपण घोष आणि अघोष वर्णांतील भेद पाहिला आहे. ग, द, ब उच्चारताना स्वरतंतू कंप पावतात; क, त, प उच्चारताना तसे होत नाही. कुजबुजताना स्वरतंतूंचे नियमित कंपन थांबते आणि हा भेद पुसट होतो. 'तार' आणि 'दार', 'काळ' आणि 'गाळ' या जोड्या कुजबुजत वाचून पाहा. अर्थ बराचसा संदर्भावरून लावावा लागतो. म्हणून संहिता लिहिताना वाक्ये लहान ठेवावीत आणि संदर्भ आधी स्पष्ट करावा. स, श यांसारखे घर्षक वर्ण कुजबुजीत उठून दिसतात. प आणि फ यांच्या उच्चारातील श्वासाचा झोत मात्र मायक्रोफोनवर आदळतो. तो टाळण्यासाठी तोंड किंचित बाजूला ठेवावे.

मराठीतील सळसळ, खसखस, टपटप, चुरचुर, कुजबुज हे अनुकरणवाचक शब्द येथे विशेष उपयोगी पडतात. चित्रफितीचे शीर्षक वाचताच कोणता ध्वनी ऐकू येणार, हे त्यांतून श्रोत्यास कळते.

ध्वनिमुद्रणात खरी अडचण आवाजाची नसून शांततेची असते. कुजबूज क्षीण असल्याने मायक्रोफोनची ग्रहणक्षमता वाढवावी लागते आणि तिच्याबरोबर पंखा, फ्रिज, रस्त्यावरील वाहने, शेजारच्या कुकरची शिटी हे सारेच मोठे होते. म्हणूनच अनेक निर्माते रात्री उशिरा काम करतात. भिंतींवर जाड पडदे, गाद्या किंवा गोधड्या लावल्यास खोलीतील घुमारा कमी होतो. दोन कानांच्या अंतरावर दोन मायक्रोफोन ठेवून द्विकर्णी मुद्रण केल्यास ध्वनी डावीकडून उजवीकडे सरकल्याचा प्रत्यय हेडफोनवर येतो. श्रोता तीस मिनिटांत जे ऐकतो, त्यामागे संहिता, मुद्रण, खटके काढून टाकणारे संपादन आणि प्रेक्षकांना उत्तरे देणे असे कित्येक तासांचे श्रम असतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) एएसएमआर या अनुभवाला शास्त्रीय वळणाचे नाव का देण्यात आले?
(आ) कुजबुजीत घोष-अघोष भेद पुसट का होतो?

७.३.३ उत्पन्नाची रचना

यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तास प्रेक्षण अशी अट २०१८ पासून आहे. लघुचित्रफितींसाठी ९० दिवसांत १ कोटी प्रेक्षणे हा पर्यायी निकष आहे. पहिल्या अटीचा अर्थ आकडेमोडीने समजून घेऊ. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. एक प्रेक्षक सरासरी ८ मिनिटे थांबतो असे मानल्यास वर्षभरात ३०,००० प्रेक्षणे, म्हणजे रोज सुमारे ८२ प्रेक्षणे हवीत. सातत्याने काम करणाऱ्यास हे अशक्य नाही. परंतु ही केवळ पात्रता आहे. उत्पन्न त्यानंतर सुरू होते.

दीर्घ चित्रफितींवरील जाहिरात-उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा निर्मात्यास मिळतो. जाहिरातीचा दर प्रेक्षक कोणत्या देशात आहे, यावर बराच अवलंबून असतो. त्यामुळे मराठी निर्मात्यासमोर एक निवड उभी राहते. शब्दविरहित चित्रफिती भाषेची सीमा ओलांडतात. राजस्थानातील पुष्कर येथील एका केशकर्तनकाराची डोक्याची चंपी जगभर पाहिली गेली, ती शब्दांच्या बळावर नव्हे. मराठीतून कुजबुजणाऱ्याचा प्रेक्षकवर्ग तुलनेने लहान राहील. पण मायबोलीतील 'झोप आता, बाळा' या शब्दांची ऊब परभाषेत येत नाही.

येणाऱ्या रकमेवर प्राप्तिकर लागू होतो. अमेरिकेतील प्रेक्षकांपासून मिळणाऱ्या उत्पन्नावर तेथील करही कापला जाऊ शकतो. २०२१ पासून यूट्यूब यासाठी निर्मात्यांकडून करविषयक माहिती मागवते. ती वेळेत भरली नाही, तर अधिक दराने कपात होऊ शकते. खर्चाच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपून ठेवाव्यात.

७.३.४ व्यवसायातील अंतर्विरोध

आता या घटकातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पाहू. या चित्रफितीचे यश कशात आहे? श्रोत्याला झोप लागण्यात. जाहिरातदार पैसे कशासाठी देतो? जाग्या असलेल्या माणसाच्या लक्षासाठी. निर्माता आपल्या कामात जितका निष्णात, तितका त्याचा ग्राहक जाहिरातीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो.

यूट्यूबवर ८ मिनिटांपेक्षा मोठ्या चित्रफितीच्या मध्ये जाहिराती ठेवण्याची सोय आहे. ती वापरल्यास उत्पन्न वाढते. पण डोळा लागत असतानाच साबणाची किंवा मोटारीची कर्कश जाहिरात सुरू झाल्यास श्रोता दचकून उठतो आणि पुन्हा त्या वाहिनीकडे वळत नाही. म्हणून अनेक निर्माते मधल्या जाहिराती बंद ठेवतात व तेवढ्या उत्पन्नावर पाणी सोडतात. उरलेली पोकळी ते इतर मार्गांनी भरून काढतात : वाहिनीचे सशुल्क सदस्यत्व, पॅट्रिऑनसारख्या व्यासपीठावरील मासिक वर्गणी, ध्वनिमुद्रणांचे संगीतसेवांवरील प्रकाशन आणि आरंभीच येणारी प्रायोजकाची सूचना. प्रायोजित मजकूर असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत.

व्यासपीठ आपल्या मालकीचे नसते, हेही विसरता कामा नये. २०१८ मध्ये चीनमधील अश्लीलताविरोधी यंत्रणेने तेथील संकेतस्थळांना अशा चित्रफितींची साफसफाई करण्याचा आदेश दिला. काही चित्रफितींवरील आक्षेपाचा फटका संपूर्ण प्रकाराला बसू शकतो, हे त्यातून दिसते.

यावरून पूर्णवेळ निर्णयाच्या तीन कसोट्या मांडता येतात. पहिली : गेल्या १२ महिन्यांतील सर्वांत कमी उत्पन्नाच्या महिन्यातही घरखर्च भागला का? एखाद्या भरघोस महिन्यावरून हिशेब करू नये. दुसरी : सर्वांत मोठा स्रोत उद्या बंद पडला, तर उरलेल्या स्रोतांवर आणि शिलकीवर किमान ६ महिने निभावेल का? तिसरी : नोकरीबरोबर जाणारा भविष्यनिर्वाह निधी, विमा आणि पगारी रजा यांची तरतूद स्वतः केली आहे का? या तिन्हींचे उत्तर 'होय' येईपर्यंत हा व्यवसाय जोडधंदा म्हणून करण्यात कमीपणा नाही.

७.३.५ जवळीक आणि मर्यादा

'जेंटल व्हिस्परिंग' या वाहिनीच्या मारिया मूळच्या रशियातील. अमेरिकेत स्थायिक झाल्यानंतर २०११ मध्ये त्यांनी वाहिनी सुरू केली आणि काही वर्षे नोकरी सांभाळून ती चालवली. पुढे हेच त्यांचे पूर्णवेळ काम झाले. जगभरात त्या ओळखल्या गेल्या त्या प्रामुख्याने 'मारिया' या नावानेच. चेहरा आणि आवाज लोकांसमोर मांडतानाही खाजगी आयुष्याभोवती कुंपण राखता येते, हे यातून शिकण्यासारखे आहे.

या कुंपणाची गरज का भासते? माध्यमांतील व्यक्ती आपल्या परिचयाची आहे, असे प्रेक्षकास वाटू लागते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये दूरचित्रवाणीच्या संदर्भात या एकतर्फी नात्याचे विवेचन केले. एएसएमआरमध्ये हे नाते अधिक गहिरे होते, कारण श्रोता थकलेला, एकटा आणि अंथरुणावर असतो. त्याची कृतज्ञता खरी असते. तशीच त्याची अपेक्षाही. काही प्रेक्षक अशिष्ट मागण्या करतात, विशेषतः स्त्री-निर्मात्यांकडे. कोणत्या मागणीला नकार द्यायचा, हे ती येण्यापूर्वीच ठरलेले असावे. त्याचप्रमाणे, निद्रानाश किंवा नैराश्य बरे करण्याचा दावा कदापि करू नये. आपण विसावा देतो, उपचार नव्हे.

७.४ सारांश

एएसएमआर चित्रफिती ध्वनी आणि लक्ष यांच्या आधारे श्रोत्यास विसावा देतात. त्यांच्या निर्मितीस भाषेची जाण, तांत्रिक कौशल्य आणि चिकाटी लागते. श्रोत्याची झोप हे या कामाचे यश, तर जाहिरातीला जागा श्रोता हवा, हा त्यातील मूलभूत अंतर्विरोध होय. म्हणून केवळ जाहिरातींवर विसंबून पूर्णवेळ उडी घेणे धोक्याचे ठरते. ज्याच्या उत्पन्नाला अनेक आधार आहेत आणि ज्याने जवळिकीच्या मर्यादा आखून घेतल्या आहेत, त्यालाच दुसऱ्याला झोप देताना स्वतःची झोप शाबूत राखता येते.

७.५ सरावासाठी स्वाध्याय

१) 'एएसएमआर व्यवसायाचे यश आणि त्याचे जाहिरात-उत्पन्न परस्परविरोधी आहेत.' चर्चा करा.
२) पूर्णवेळ निर्णयाच्या तीन कसोट्या आपल्या स्वतःच्या घरखर्चाचे आकडे घेऊन तपासा.
३) पाच अनुकरणवाचक शब्दांचा उपयोग करून दोन मिनिटांची कुजबुजती संहिता लिहा. ती घरातील व्यक्तीस कुजबुजत वाचून दाखवा आणि कोणते शब्द कळले नाहीत, त्यांची नोंद करा.