काळ्या पाण्यापलीकडील बेटे व एका उपदेशकाची शाळा

गुलमंडीच्या बाजारास येणाऱ्या आपल्या खेड्यांतील पुष्कळ बंधूंनी समुद्र पाहिलेला नसतो. तरी ‘काळे पाणी’ हे शब्द कोणास ठाऊक नाहीत? पूर्वी जन्मठेपेच्या कैद्यांस समुद्रापलीकडे अंदमानात पाठवीत. नाशिककडील गणेश व विनायक सावरकर हे बंधू तेथील सेल्युलर तुरुंगात होते. १९२१ साली त्यांस परत आणले. म्हणून त्या दिशेचे नाव निघाले की आपल्या मनात भयच उभे राहते. परंतु अंदमानाच्या दक्षिणेस त्याच समुद्रात निकोबार नावाची बेटे आहेत, आणि तेथील मंडळीचा इतिहास प्रत्येक ग्रामोपदेशकाने जाणून घ्यावा असा आहे.

प्रथम भूगोल पाहू. नकाशावर चेन्नईहून पूर्वेकडे बोट न्यावे. बंगालच्या उपसागरात दक्षिणोत्तर पसरलेली बेटांची माळ दिसेल. वरचा भाग अंदमान, खालचा निकोबार. दोहोंमध्ये सुमारे १५० किलोमीटर रुंदीचा समुद्र आहे. दहावे उत्तर अक्षवृत्त त्यातून जाते, म्हणून त्यास दहा अंशांची खाडी म्हणतात. निकोबारचे सर्व क्षेत्रफळ मिळून १,८४१ चौरस किलोमीटर. उत्तरेचे कार निकोबार हे बेट सपाट असून अवघे १२७ चौरस किलोमीटर आहे. दक्षिणेचे मोठे निकोबार डोंगराळ आहे, व त्याच्या टोकापलीकडे समुद्र ओलांडला की सुमात्रा बेट आहे. नारळ, केतकीच्या जातीचे एक मोठे फळ, मासे व डुकरे ह्यांवर लोकांचा निर्वाह चालत आला. एकत्र कुटुंबास ते ‘तुहेत’ म्हणतात. जमीन व नारळीची झाडे एकट्या मनुष्याची नव्हेत, तर तुहेताची.

आता इतिहास ऐका. १७५६ साली डेन्मार्कच्या लोकांनी ह्या बेटांवर आपला हक्क सांगितला. १७६८ साली मोरेवियन मंडळीचे बंधू सुवार्तेसाठी नानकौरी बेटावर उतरले. ते हातांनी जंगल तोडीत, घरे बांधीत, भाषा शिकण्याची खटपट करीत. परंतु तापाने त्यांस गाठले. काही तेथेच मरण पावले, काही तरंगंबाडीस परतल्यावर. असे वीसांहून अधिक सेवक गेले. १७८७ साली ते काम बंद करावे लागले. एकोणीस वर्षांच्या श्रमांनंतर मागे कबरी राहिल्या, मंडळी राहिली नाही. पुढे १८६८ साली डेन लोकांनी आपला हक्क इंग्रजांस दिला.

मग तेथे सुवार्ता रुजली कशी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेकडील वेदप्पन सालोमन नावाचे एक हिंदी ख्रिस्ती उपदेशक कार निकोबारच्या मूस गावी राहावयास गेले. सरकारचे काम पाहता पाहता त्यांनी मुलांची लहानशी शाळा चालविली व ते आजाऱ्यांस औषध देत. त्या शाळेत जॉन रिचर्डसन हा बेटावरचाच एक मुलगा होता. पुढील शिक्षणासाठी तो ब्रह्मदेशात मंडाले येथे गेला, आणि परत येऊन आपल्याच लोकांचा शिक्षक व उपदेशक झाला. त्याने शास्त्राचे भाषांतर बेटाच्या भाषेत केले.

१९४२ ते १९४५ पर्यंत बेटे जपानी सैन्याच्या ताब्यात होती. हेरगिरीच्या संशयावरून अनेक निकोबारी लोकांचा छळ झाला व कित्येक मारले गेले. रिचर्डसन ह्यांचेही प्राण संकटात होते. तरी मंडळी मोडली नाही. १९५० साली रिचर्डसन बिशप झाले, आणि १९५२ साली पहिल्या लोकसभेत त्या द्वीपांचे सभासद झाले. १९७८ साली ते प्रभूमध्ये निजले.

२६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, भूकंपामागून समुद्राची प्रचंड लाट आली. किनाऱ्यावरील गावे व नारळीच्या बागा वाहून गेल्या, आणि हजारो माणसे दगावली. उरलेल्यांनी आत उंचवट्यावर पुन्हा घरे बांधली. २०११ च्या खानेसुमारीत निकोबार जिल्ह्यात ३६,८४२ लोक मोजले गेले. त्यांत शेकडा ७० हून अधिक ख्रिस्ती होते.

प्रिय उपदेशक बंधूंनो, ह्यातून आपण काय घ्यावे? मोरेवियन बंधूंचे श्रम फुकट गेले असे म्हणण्याचे धाडस आपण करू नये. जमिनीत पडणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयी प्रभू काय म्हणाला ते आठवावे. परंतु कापणी आली ती लोकांमध्ये घर करून राहणाऱ्या एका शिक्षकाच्या हातून व त्याच्या एका विद्यार्थ्याच्या मुखाने. आपल्या औरंगाबादेतही, ज्या नगरास आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, पारशी समाजातून आलेले रेव्हरंड रतनजी नवरोजी ह्यांनी ह्याच देशातील मनुष्य म्हणून दीर्घकाळ सेवा केली. तुमच्या शाळेत आज चारच मुले ओसरीवर बसत असतील, आणि वर्ष संपताना अहवालात लिहावयास काही नाही म्हणून तुमचे मन खचत असेल. मूस गावच्या शाळेत तरी कोण बसले आहे हे सालोमन ह्यांस कोठे कळले होते? त्या चौघांची नावे आज प्रार्थनेत घ्या.

अभ्यासासाठी प्रश्न
१. दहा अंशांची खाडी कोणत्या दोन द्वीपसमूहांमध्ये आहे, व तिला ते नाव का पडले?
२. मोरेवियन बंधूंचे काम कोणत्या कारणाने थांबले?
३. योहान १२:२४ वाचा. हे वचन निकोबारच्या इतिहासास कसे लागू पडते?
४. आपल्या गावातील कोणते मूल पुढे शिकावे म्हणून मंडळीने साहाय्य करावे?