नदीकाठी गेल्यावर डोकं हलकं का होतं?

प्रश्न : मी बेलवलीत राहते. आठवडाभर बदलापूर ते सीएसएमटी लोकलचा प्रवास आणि दिवसभर संगणकापुढचं काम. रविवारी सकाळी उल्हास नदीकडे चालत जाऊन आले की डोकं हलकं होतं. हा गुण चालण्याचा, सुट्टीचा, की खरोखर झाडा-पाण्याचा? आणि असा किती वेळ काढला तर उपयोग होतो?
– एक वाचक, बेलवली, बदलापूर

उत्तर : गुण तिन्हींचा आहे. पण झाडा-पाण्याचा वाटा वेगळा काढून दाखवता येतो, आणि तो अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवला. त्यांनी विद्यार्थ्यांना एकदा अॅन आर्बर शहरातल्या वृक्षोद्यानातून आणि एकदा गजबजलेल्या रस्त्यांवरून, सारखंच अंतर चालायला लावलं. परतल्यावर ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणायची परीक्षा घेतली. झाडांतून आलेल्यांचे गुण ठळकपणे सुधारले, रस्त्यावरून आलेल्यांचे तसे सुधारले नाहीत. कडाक्याच्या थंडीत ज्यांना ते चालणं आवडलं नाही, त्यांनाही हा फायदा मिळाला. म्हणजे चालणं तेच, फरक भोवतालचा.

याचं कारण स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं आहे. आपलं लक्ष दोन तऱ्हांनी काम करतं. एक, मुद्दाम रोखून धरलेलं. गर्दीत डब्यात शिरताना, फोनवरचे निरोप पाहताना, हिशेबाचा तक्ता तपासताना नको त्या गोष्टी सतत बाजूला साराव्या लागतात. हे लक्ष वापरून थकतं. दुसरं, आपोआप वेधलं जाणारं. वाहतं पाणी, पानांची सळसळ, पाण्यात सूर मारणारा खंड्या यांकडे पाहायला जोर लावावा लागत नाही. तेवढ्या वेळात पहिल्याला विसावा मिळतो. तुमचं डोकं हलकं होतं ते यामुळे.

नुसतं दिसणाऱ्या झाडांचाही परिणाम होतो. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

उघड्यावरच्या उजेडाचा भाग निराळा. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ जुळतं आणि रात्री झोप वेळेवर येते. घरात मुलं असतील तर त्यांनाही न्या. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं. तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्क्यांना लांबचं कमी दिसू लागलं. नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होतं.

आता वेळेचं. इंग्लंडमधल्या जवळजवळ २०,००० लोकांच्या माहितीवरचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यात निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली आणि मन समाधानी असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. ही १२० मिनिटं एकदम असोत की तुकड्यांत, फरक दिसला नाही. धडधाकट माणसंच जास्त बाहेर पडत असतील, ही शक्यता अशा पाहणीत उरतेच. तरी हे दोन तास अंदाजासाठी चांगले आहेत.

तुम्हाला ते जमवायला माथेरान गाठायची गरज नाही. रविवारी नदीकडे तासभर आणि मधल्या दिवसांत तीनदा वीस-वीस मिनिटं झाडांच्या रस्त्याने, एवढं पुरे. फोन पिशवीत राहू द्या. ऋतूंचं निमित्त धरलं की सवय टिकते : फाल्गुनात पळस, वैशाखात बहावा, पाऊस तोंडावर आला की बदलापूरची जांभळं. स्वच्छ हवेत चंदेरीचा सुळका आणि मलंगगड नजरेत घेता येतात, आणि दूरवर पाहण्याने पडद्यावर खिळलेल्या डोळ्यांनाही आराम पडतो. पावसाळ्यात मात्र उल्हासच्या पात्रात किंवा कोंडेश्वरच्या डोहात उतरू नका. वर घाटात कोसळलेल्या पावसाचं पाणी खाली पाहता पाहता चढतं. आणि उदासी किंवा निद्रानाश आठवडे उलटले तरी हटत नसेल, तर फिरणं चालू ठेवून डॉक्टरांनाही दाखवा.

शेवटी एक कळकळीची विनंती. हा लाभ चालत जाता येईल अशा अंतरावर झाडं आणि वाहती नदी असेल तोवरच आहे. बदलापुरात इमारती झपाट्याने उभ्या राहताहेत. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत आवारातली जुनी झाडं राखण्याचा आणि नवी देशी झाडं लावण्याचा विषय मांडा. निर्माल्य आणि प्लास्टिक नदीत जाणार नाही, एवढं तुमच्या मजल्यापुरतं तरी ठरवा. शहराचं आरोग्य सांभाळायची ही कामं दवाखान्याइतकीच महत्त्वाची आहेत.