लेण्यातला फोटो कितीला पडतो?

चौघं मित्र, दोन मोटारसायकली, चार टॉर्च आणि एक ट्रायपॉड एवढ्या भांडवलावर जमिनीच्या पोटातले फोटो काढता येतात. यवतमाळहून सकाळी निघून संध्याकाळी परतलात तर माणशी पाचशेच्या आसपास खर्च येतो. मात्र पहिल्याच खेपेला नवा कॅमेरा घ्यायचं मनात आलं, तर हाच छंद पन्नास हजारांवर जातो आणि फोटो फारसे सुधारत नाहीत. अंधारात कॅमेऱ्याला दिसतं ते तुम्ही लावलेल्या उजेडाएवढंच. म्हणून आधी पैसा उजेडावर घाला, मग प्रवासावर, आणि राहिलाच तर कॅमेऱ्यावर.

आता जायचं कुठे? यवतमाळ जिल्हा बराचसा काळ्या बेसाल्टवर वसला आहे. मेघालयासारख्या मैलोन् मैल चालणाऱ्या चुनखडीच्या गुहा इथं शोधू नका. आपल्या वाट्याला आली आहेत ती माणसानं कोरलेली लेणी, आणि ती जिल्ह्याच्या वेशीला लागून पलीकडे आहेत. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला पांडवलेणं लागतं. ते राष्ट्रकूट काळातलं असून आत जाड खांबांचा मंडप आहे. दुसरीकडे वणीवरून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आहेत. जिल्ह्यातच काही हवं असेल तर कळंबचं चिंतामणीचं मंदिर आहे. तिथं गणपती जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून जावं लागतं. पण ते नांदतं देवस्थान आहे. तिथं ट्रायपॉड मांडून मित्राला पायरीवर उभं करायचं तर संस्थानच्या लोकांना आधी विचारा. चतुर्थीला तर विचारूही नका. यवतमाळहून कळंब जेमतेम वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे शंभर रुपयांच्या पेट्रोलात काम होतं. सरावाला ही जागा चांगली आहे, कारण वरून येणारा दिवसाचा उजेड आणि खालचा काळोख एकाच चौकटीत कसा सांभाळायचा हे तिथं शिकता येतं.

माहूरचा हिशोब मांडू. यवतमाळहून आर्णीमार्गे साधारण सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. जाऊन-येऊन आणि गावातलं फिरणं धरून एका गाडीचं रनिंग पावणेदोनशेच्या घरात जातं. पन्नासचं अॅव्हरेज आणि पेट्रोल एकशेपाच रुपये लिटर धरलं तर एका गाडीला पावणेचारशे, दोन गाड्यांना साडेसातशे. चौघांचा नाश्ता, जेवण आणि चहा हजारात बसवा, आणि गाडी लावायला व किरकोळीला शंभर ठेवा. सगळं मिळून साडेअठराशे, म्हणजे माणशी साडेचारशेच्या वर थोडं. एसटीनं गेलात तर जानेवारी २०२५च्या भाडेवाढीनंतर साध्या बसला सहा किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे पडतात. बारा टप्पे धरले तर एका बाजूचे सव्वाशेच्या आत. मार्च २०२३पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे चौघांत दोघी मैत्रिणी असतील तर एसटी मोटारसायकलीच्या बरोबरीला येते. शिवाय परतीला झोपता येतं. स्टँडवरून रिक्षाचे दोन-तीनशे वेगळे धरा आणि रिक्षात बसण्याआधीच भाव ठरवा.

तारीख मात्र पंचांग बघून ठरवा. माहूर रेणुकेचं आणि दत्ताचं ठाणं आहे. नवरात्रात आणि दत्तजयंतीला लॉजचे भाव चढतात, आणि भाव देऊनही खोली मिळेलच असं नाही. एरवी साधी खोली आठशे ते पंधराशेत मिळते. पण फोटोसाठी मुक्कामाची गरज नाही. लेण्यात दुपारी बारालाही हवा तेवढा अंधार असतो, आणि या छंदाची खरी बचत तिथंच आहे.

विजासन त्या मानानं महाग. यवतमाळहून वणीमार्गे एका बाजूचे दीडशेच्या आसपास किलोमीटर पडतात. मोटारसायकलनं एवढं अंतर जाऊन तिथं उकिडवं बसून फोटो काढायचे आणि पुन्हा परतायचं, हे विशीतल्या पोट्ट्यांनी करावं. बाकीच्यांनी गाडी सांगावी. तेरा रुपये किलोमीटरनं तीनशेचे एकोणचाळीसशे, ड्रायव्हरचा भत्ता तीनशे, आणि टोल लागला तर तो वेगळा. पाच जण असाल तर माणशी साडेआठशे, जेवण धरून अकराशे-बाराशे. वणीकरांना मात्र हे लेणं मोटारसायकलच्या टप्प्यात आहे. नागपूरकडून येणारा मित्र रेल्वेनं थेट भांदक स्टेशनला उतरू शकतो.

तरीही मी पैसे विजासनवरच घालीन. कारण जागेचा आकार. मुख्य लेणं म्हणजे डोंगरात सरळ शिरलेली सुमारे सत्तर फुटांची बोळ, तिच्या टोकाला दगडात कोरलेला बसलेला बुद्ध, आणि उजवी-डावीकडे काटकोनात फुटलेल्या आणखी दोन बोळी. फोटोला अशी जागा मागून मिळत नाही. लांबट बोळीत मधोमध एक माणूस उभा केला आणि त्याच्या पाठीमागे टॉर्च लपवला की भिंती आपोआप त्याच्याकडे धावत जातात. पण आत लोक वंदनेला येतात हे विसरू नका. चपला बाहेर, मूर्तीसमोर चाळे नाहीत, आणि कोणी वंदना करत असेल तर दिवे बंद करून बाजूला थांबायचं. त्याला पैसे पडत नाहीत.

सामानाकडे वळू. टॉर्च चार लागतात. चार्जिंगचा बरा टॉर्च तीनशे ते सहाशेला मिळतो. कपाळावर बांधायचा दिवा प्रत्येकाला हवाच, तो चारशेपासून पुढे. सगळे टॉर्च एकाच कंपनीचे आणि एकाच छटेचे घ्या. एक पिवळट आणि एक निळसर असला की फोटोत मित्राचा अर्धा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो, आणि मग रात्रभर संगणकावर बसून तो दुरुस्त करत राहायचं. रंग मुद्दाम हवा असेल तर स्टेशनरीच्या दुकानातला दहा रुपयांचा जिलेटिन पेपर टॉर्चच्या तोंडाला रबरबँडनं लावा. गणपतीच्या आराशीतला उरलेला असेल तर तेही दहा वाचले. रंग बदलणाऱ्या एलईडी काठ्या दीड ते तीन हजारांना मिळतात. छान असतात, पण दुसऱ्या खेपेला घ्या.

ट्रायपॉडवर कंजूषी नको. बाराशेचा हलका ट्रायपॉड मोबाइलला चालतो. त्यावर मोठा कॅमेरा ठेवला की मान टाकतो आणि तीस सेकंदांचं चित्र हललेलं येतं. कॅमेरा असेल तर चार हजारांच्या खाली जाऊ नका. मोबाइल धरायचा क्लॅम्प दीड-दोनशेला मिळतो. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल आणि शटर दहा-तीस सेकंद उघडं ठेवता येत असेल, तर पहिल्या सहलीला दुसरं काही विकत घेऊ नका.

कॅमेरा हवाच असेल तर भाड्यानं आणा. नागपूर-अमरावतीकडे लेन्ससह दिवसाला सहाशे ते हजार लागतात, वर ओळखपत्र किंवा डिपॉझिट. पण त्याआधी गावातल्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे चक्कर मारा. फ्लॅश, रेडिओ ट्रिगर, स्टँड असं सगळं त्याच्याकडे असतं आणि पितृपक्षात ते धूळ खात पडलेलं असतं. लग्नसराईत तोच माणूस तुम्हाला उभं करणार नाही. पितृपक्षात चहा पाजेल, दोन-तीनशेत दोन फ्लॅश देईल, आणि हौशी असला तर स्वतःच बरोबर येईल. तो आला तर त्याचं पेट्रोल आणि जेवण तुमच्याकडे.

सामान जमलं तरी काम मित्रांचंच असतं. पॅरिसच्या भुयारी दफनगृहांत नादार नावाच्या फोटोग्राफरनं १८६१मध्ये विजेच्या दिव्यावर फोटो काढले, तेव्हा एकेका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत लागायची. तेवढा वेळ माणूस पुतळ्यासारखा राहीना, म्हणून त्यानं कपडे चढवलेले खरेच पुतळे उभे केले. आज तीस सेकंद पुरतात, पण तीस सेकंद न हलणारा मित्रही सोपा नसतो. ग्रुपमधल्या सगळ्यात बडबड्याला मॉडेल करू नका. त्याच्या हाती टॉर्च द्या.

माहूरच्या मंडपात चौघांची कामं अशी वाटता येतील. एक जण कॅमेऱ्याशी. मोबाइल असो की डीएसएलआर, आयएसओ दोनशे, छिद्र एफ-आठ, शटर तीस सेकंद. मोबाइलला छिद्र बदलता येत नाही, तिथं शटर दहा-पंधरा सेकंदांवर आणा. दुसरा खांबाजवळ उभा. कपडे फिके घातलेले बरे, कारण काळा दगड उजेड गिळतो आणि त्यावर काळा टीशर्ट म्हणजे नुसतं तरंगतं डोकं. त्याच्या तोंडावर क्षणभर टॉर्च मारून फोकस घ्या आणि लगेच फोकस मॅन्युअलवर टाका, नाहीतर अंधारात कॅमेरा पुढेमागे चाचपडत बसतो. तिसरा उभ्या मित्राच्या बरोबर पाठीमागे दडून बसतो आणि मागच्या भिंतीवर टॉर्च मारतो, म्हणजे पुढच्याच्या अंगाला उजेडाची कड येते. चौथा खांबांच्या आडून चालत एकेका खांबाला तीन-तीन सेकंद उजेड देतो. त्यानं टॉर्च सतत हलवत ठेवायचा, भिंत रंगवतात तसा, आणि टॉर्चचं तोंड कॅमेऱ्याकडे कधीच येऊ द्यायचं नाही. समोरून उजेड कोणी मारायचाच नाही. समोरून मारला की कोरीव काम सपाट होतं, बाजूनं मारला की छिन्नीची एकेक खूण उठून दिसते. पहिली पाच-सात चित्रं वाया जातात. त्यानंतर कोणी कुठं थांबायचं ते न बोलता जमायला लागतं.

वाफेचा परिणाम हवा असेल तर झाडांवर पाणी मारायची साठ रुपयांची फवारणीची बाटली न्या. पाणी हवेत, लेन्सपासून दूर, आणि मागून उजेड. दगडावर मात्र पाणी उडवू नका. धुराच्या कांड्या, गुलाल आणि लोखंडी काथ्या पेटवून गरागरा फिरवण्याचा प्रकार लेण्यात साफ वर्ज्य. इंटरनेटवर तो फार चालतो. ठिणग्यांनी दगडाला डाग पडतात, बाहेरचं वाळलं गवत पेटतं, आणि कड्याला आग्यामोहोळ असेल तर धुरानं ते उठतं. मग कॅमेरा तिथंच टाकून पळावं लागतं. आत शिरण्याआधी कड्याकडे वर बघायची सवय लावा. मोहोळ दिसलं तर त्या दिवशी आवाज नाही, अत्तर नाही, आणि वरच्या दिशेला टॉर्चही नाही.

परवानगीचा खर्च बहुधा शून्य असतो, पण परवानगी घ्यावी लागतेच. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ज्या स्मारकांना तिकीट आहे तिथं भारतीयांना रोखीनं वर्गानुसार ४० किंवा २५ रुपये लागतात आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ असतं. अशा लहान लेण्यांवर पुष्कळदा तिकीटखिडकीच नसते, असतो तो रखवालदार. हातातल्या कॅमेऱ्याला तो अडवत नाही. ट्रायपॉड आणि दिवे दिसले की विचारतो, आणि विचारणं बरोबरच आहे. त्या खात्याच्या कार्यालयाकडे आठ-दहा दिवस आधी साधा अर्ज द्या. हौशी फोटो, व्यापारी वापर नाही, असं स्पष्ट लिहा आणि अर्जाची प्रत खिशात ठेवा. प्री-वेडिंग किंवा जाहिरात असेल तर प्रकरण वेगळं, त्याची परवानगी वेगळी आणि फीही वेगळी. रखवालदाराच्या हातात नोट कोंबून ते भागवू नका. संरक्षित स्मारकाला इजा केली तर २०१०च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खडूनं नाव लिहिणारा मित्र घरीच ठेवा.

अजिंठा-वेरूळ या यादीत मुद्दाम घेतलं नाही. अजिंठ्याला चित्रांमुळे फ्लॅशला मनाई आहे. तिथं डोळ्यांनी बघायला जा.

एका जागेबद्दल मात्र नुसती सूचना पुरणार नाही. वणी, राजूर, उकणी या पट्ट्यात कोळसा आहे, आणि बंद पडलेल्या खाणींची तोंडं बघून तरुण पोरांना हुरूप येतो. तिथं जाऊ नका. बंद खाणीत प्राणवायू कमी असतो, मिथेन साठलेला असू शकतो, आणि फ्लॅशची किंवा साध्या बटणाची ठिणगी त्याला पुरते. छताचे आधार काढलेले किंवा कुजलेले असतात. परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे तो आहेच. जमिनीखालची खाण बघायचीच हौस असेल तर वेस्टर्न कोलफिल्ड्सनं पर्यटन महामंडळाबरोबर नागपूरजवळ सावनेरला खाण-पर्यटन सुरू केलं होतं. ते सध्या चालू आहे का, याची आधी चौकशी करा. तिथंही आत कॅमेरा न्यायचा की नाही हे खाणवाले ठरवतात.

राहिलं किरकोळ सामान. वटवाघळांच्या विष्ठेची कोरडी धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून बरा मास्क घ्या, तीस-चाळीस रुपयांचा. वटवाघळं एकदम उठली तर दिवे विझवून बाहेर या, आणि पिल्लं दिसली तर तो कोपरा सोडा. प्रत्येकाजवळ उजेडाची तीन साधनं हवीत. गुहांत फिरणाऱ्यांचा जगभरचा नियम आहे तो. कपाळाचा दिवा, टॉर्च आणि मोबाइल मिळून तीन होतात, पण फोटो काढून मोबाइलची बॅटरी संपवली असेल तर तो मोजू नका. आत बहुधा रेंज नसते, म्हणून बाहेरच्या एका माणसाला परतायची वेळ सांगून ठेवा. थंडीच्या दिवसांत बाहेरच्या गार हवेतून आत गेल्यावर लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा पिशवीतच ठेवून दहा मिनिटं थांबा, तोवर कोण कुठं उभं राहणार ते ठरवून घ्या.

पैशांची वाटणी निघण्याआधी ठरवलेली बरी. पेट्रोल आणि जेवण समान, भाड्याचं सामान समान. ज्याचा स्वतःचा कॅमेरा आहे त्याच्याकडून पेट्रोल घेऊ नये, कारण काही झालं तर दुरुस्ती त्याच्याच अंगावर येते. टॉर्च फुटला तर ज्याच्या हातून फुटला त्यानं भरावा, ट्रायपॉड पडला तर सगळ्यांनी. आणि फोटो चौघांचे, तेव्हा सगळी मूळ चित्रं त्याच रात्री चौघांकडे पोचली पाहिजेत. इन्स्टाग्रामवर टाकताना टॉर्च धरणाऱ्याचंही नाव घालावं.