ईच, ईदर, नीदर : एकेकाची मोजणी

समूहातील व्यक्तींचा किंवा वस्तूंचा एकेक करून निर्देश करणाऱ्या सर्वनामांना विभागवाचक सर्वनामे म्हणतात. इंग्रजीत ती मुख्यतः ३ आहेत : ईच (प्रत्येक), ईदर (दोहोंपैकी कोणताही एक) आणि नीदर (दोहोंपैकी एकही नाही).

‘ईच ऑफ द बॉईज इज प्रेझेंट’ या वाक्यात मुले अनेक आहेत, तरी क्रियापद ‘आर’ नसून ‘इज’ आहे. कारण कर्ता ‘बॉईज’ नसून ‘ईच’ आहे. मराठीतही आपण ‘मुलांपैकी प्रत्येक जण हजर आहे’ असेच म्हणतो.

‘दोघांपैकी कोणीही आला नाही’ याचे इंग्रजी ‘नीदर ऑफ देम केम’. ‘नीदर’मध्येच नकार आहे, पुन्हा ‘नॉट’ घालू नये.

ईदर व नीदर फक्त दोहोंसाठी. बार्शी आणि पंढरपूर यांपैकी एक म्हणायचे तर ‘ईदर’. त्यात करमाळा आले की ‘एनी’. तिन्हींपैकी एकही नाही, तर ‘नन’.

हा भेद भारतीय संविधानातही दिसतो. अनुच्छेद ५९ नुसार राष्ट्रपती संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या सभागृहाचे सदस्य असू शकत नाहीत. मूळ इंग्रजीत संसदेच्या २ सभागृहांसाठी ‘ईदर’ आणि अनेक राज्यांसाठी ‘एनी’ हा शब्द आहे. तेथे पुढे नाम असल्याने ही विशेषणे ठरतात. मोजणीचा नियम मात्र तोच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिच्या मसुद्यातून घडलेले हे संविधान मुळातून वाचायचे, तर असे लहान शब्द नीट कळलेच पाहिजेत.